जेली, चायना ग्रास आणि एक तपकिरी ठिपका

एके काळी वाढदिवसाच्या टेबलाची शान असलेली लाल जेली आपल्या घरात आली कुठून आणि एक दिवस ती स्वयंपाकघराबाहेर का गेली? बंगळूरच्या एका मराठी घरातून घेतलेला हा मागोवा.

काचेच्या वाटीत तळाला लाल जेली, तिच्यावर पिवळे कस्टर्ड, वर सफरचंदाच्या दोन फोडी आणि नशीब जोरावर असेल तर एक चेरी. आज तिशी-चाळिशी ओलांडलेल्या कित्येकांना वाढदिवस म्हटले की हेच चित्र आठवते. केक कापून व्हायचा, वेफर्स संपायचे आणि मग आतून ट्रे यायचा. पण मुले ती जेली लगेच खात नसत. आधी वाटी हलवून पाहायची. जेली थरथरली की हसायचे. मग चमच्याने एक कोपरा तोडून जिभेवर ठेवायचा आणि दात न लावता तो विरघळण्याची वाट पाहायची. लाल जेलीला रासबेरी म्हणतात हे पाकिटावर लिहिलेले असे. खरी रासबेरी आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिली नव्हती.

हा पदार्थ आपला नाही, हे तर उघडच आहे. लाडू, वडी, खीर यांच्या गोतावळ्यात जेलीचे कुणी नातेवाईक नाही. तरीही ती आपल्या घरात आली आणि काही वर्षे हक्काने राहिली. ती कुठल्या वाटेने आली, हे बंगळूरसारख्या शहरात फार स्पष्ट दिसते. कारण हे शहर मुळात दोन शहरांचे होते. एक जुनी पेठ, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मराठी बोलणाऱ्यांची. दुसरी इंग्रजांची लष्करी छावणी, म्हणजे कँटोन्मेंट, जी १८०९ मध्ये वसली. मध्ये कबन पार्कची हिरवी भिंत. दोन्हींच्या नगरपालिकाही वेगळ्या. त्या एकत्र आल्या १९४९ साली. जेली छावणीतली. ती कबन पार्क ओलांडून अलीकडे, म्हणजे मल्लेश्वरम, बसवनगुडीकडे यायला बरीच वर्षे लागली.

बटलर, बर्फ आणि पाया

साहेबाच्या जेवणात जेली दोन प्रकारची. एक गोड, वाइन किंवा लिंबू घातलेली. दुसरी खारी, जिला ॲस्पिक म्हणत. तिच्यात मासे, कोंबडी, उकडलेली अंडी किंवा भाज्या गोठवलेल्या असत. त्या काळी पाकीट नव्हते. वासराचे पाय तासन् तास उकळायचे, वरची चरबी काढून टाकायची, अंड्याचा पांढरा बलक घालून रस्सा नितळ करायचा, फलालीनच्या पिशवीतून गाळायचा आणि साच्यात ओतायचा. पायाचे सूप रात्रभर राहिले की पातेल्यात जे थलथलीत होते ना, साहेबाची जेली ती हीच. फक्त साखर आणि शोभेचा साचा तेवढा वेगळा.

मद्रास इलाख्यातील गोऱ्या मडमांसाठी कर्नल केनी-हर्बर्ट यांनी ‘वायव्हर्न’ या टोपणनावाने १८७८ साली ‘क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास’ हे पुस्तक लिहिले. उकाड्याच्या देशात विलायती जेवण कसे सांभाळायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. जेलीच्या बाबतीत तो प्रश्न फारच कठीण. जिलेटिनची जेली ३५ अंशांच्या आसपास वितळते. मद्रासच्या मे महिन्यात ती टेबलापर्यंत पोहोचायची कशी? त्यासाठी बर्फ हवा. तो एकोणिसाव्या शतकात चक्क अमेरिकेहून जहाजाने येई. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर फ्रेडरिक ट्युडर या बर्फाच्या व्यापाऱ्याने बांधलेले ‘आइस हाउस’ आजही उभे आहे. स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये तिथे उतरले होते, म्हणून त्याचे नाव आता विवेकानंदर इल्लम.

बंगळूरच्या जेलीचे नशीब त्या मानाने थोर. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरच्या या गावात डिसेंबर-जानेवारीची रात्र १५-१६ अंशांवर उतरते. नाताळातली जेली बर्फाच्या परातीत ठेवली की सकाळपर्यंत जमून जाई. छावणीतील अँग्लो-इंडियन घरांनी मग जेली, ट्रायफल, कॅरामल पुडिंग हे सगळे आपलेसे केले. इंग्रज गेले, क्लब राहिले, नाताळ राहिला आणि त्यांच्याबरोबर जेलीही राहिली.

चारशे पन्नास डॉलरचा सौदा

मात्र आपल्या घरात जी जेली आली ती बटलरच्या हातची नव्हे, पाकिटातली. तिचे जन्मगाव अमेरिकेतले ल रॉय, न्यू यॉर्क राज्यातले एक छोटे गाव. तिथे खोकल्याची औषधे विकणाऱ्या पर्ल वेट नावाच्या गृहस्थाने १८९७ मध्ये जिलेटिनच्या पुडीत साखर, रंग आणि फळांचा स्वाद मिसळला. त्याच्या बायकोने, मे हिने, त्याला नाव दिले ‘जेल-ओ’. माल काही खपेना. दोनच वर्षांत त्याने सगळे हक्क गावातल्याच ऑरेटर वुडवर्ड याला ४५० डॉलरना विकून टाकले. वुडवर्डने जाहिरातींचा धडाका लावला आणि १९०२ पर्यंत विक्री अडीच लाख डॉलरवर नेली. बिचारा वेट! पुढे अमेरिकेतल्या घराघरांत ती पेटी पोहोचली आणि तिची भावंडे जगभर पसरली.

कॉलनीतल्या आंटींची विद्या

माझे आजोबा बेळगावहून नोकरीसाठी बंगळूरला आले ते हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये. हा कारखाना १९४० मध्ये उभा केला तोही सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीच, त्यामुळे आजोबा त्याला कायम ‘आपल्या माणसाची फॅक्टरी’ म्हणत. फॅक्टरीच्या वसाहतीत कन्नड, तमिळ, बंगाली, अँग्लो-इंडियन अशी सगळी बिऱ्हाडे भिंतीला भिंत लावून राहत. छावणी आणि पेठ यांच्यात शंभर वर्षांत जी देवाणघेवाण झाली नाही ती या वसाहतींत दहा वर्षांत झाली असावी, असे मला वाटते. पलीकडच्या आंटी आमच्याकडून पुरणपोळी शिकल्या आणि आत्या त्यांच्याकडून जेली शिकली. ही गोष्ट साठच्या दशकातली.

जेली शिकणे म्हणजे काय शिकणे, असे आज कुणालाही वाटेल. पाकीट फोडा, उकळते पाणी ओता, ढवळा, थंड करा. पण ‘थंड करा’ हे दोन शब्द तेव्हा फार महाग होते. गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला फ्रिज १९५८ मध्ये काढला. तो घेणे ही सामान्य नोकरदाराची उडी नव्हती. आत्या सांगायची, त्यांच्या ओळीत एकच फ्रिज होता, तोही आंटींकडे. कुणाच्या घरी वाढदिवस असला की आदल्या संध्याकाळी पातेल्यावर नावाची चिठ्ठी चिकटवून ते आंटींकडे पोहोचवायचे. एकदा दोन घरांचे वाढदिवस एकाच दिवशी आले आणि जेल्यांची अदलाबदल झाली. हिरवी जेली मागितलेल्या मुलाला लाल मिळाली, तो दिवसभर रडला. पुढे सत्तरीच्या दशकात आमच्याकडेही फ्रिज आला, हॉलमध्ये, क्रोशाचे कव्हर घालून. त्यात दुधाआधी जेली ठेवली गेली.

घरात आत्याच्या नावावर एक फजिती कायमची जमा आहे. पाहुणे यायचे होते, म्हणून तिने रसेल मार्केटमधून अस्सल ताजा अननस आणला, त्याचे तुकडे जेलीत घातले आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी पाहिले तर पातेल्यात लाल पाणी. परत पाकीट आणले, परत अननस घातला, परत पाणी. तिने पाकिटाला दोष दिला, फ्रिजला दिला, शेवटी अंघोळ न करता पातेल्याला हात लावणाऱ्या धाकट्या भावाला दिला, म्हणजे माझ्या बाबांना.

दोष कुणाचाच नव्हता. जिलेटिन हे प्रथिन आहे आणि कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे एक पाचक द्रव्य असते, जे प्रथिनांचे तुकडे करते. कच्ची पपई, किवी, ताजे अंजीर, आले यांतही असलेच द्रव्य असते. मांस मऊ व्हावे म्हणून त्याला कच्ची पपई चोळतात ती याच कारणाने. उष्णतेने हे द्रव्य मरते. म्हणून डब्यातला, म्हणजे आधी शिजलेला, अननस जेलीत चालतो, ताजा नाही. आंटी नेहमी डब्यातलाच अननस वापरायच्या. त्यांनाही कारण ठाऊक नसावे. त्यांच्या आईने तसे सांगितले होते एवढेच.

कोबीची जेली? अगबाई!

आपण जेलीत फार तर फळे घातली. अमेरिकन गृहिणीने काय काय घातले ते ऐकाल तर चकित व्हाल. किसलेले गाजर, कोबी, सेलरी, ऑलिव्ह, पनीरसारखे कॉटेज चीज, डब्यातला ट्यूना मासा, कोळंबी, उकडलेली अंडी. हे सगळे लिंबाच्या हिरव्या गोड जेलीत गोठवून, वर मेयोनीजचा गोळा ठेवून, त्याला सॅलड म्हणायचे आणि जेवणाबरोबर वाढायचे! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातील एका बाईने व्हिनेगरच्या जेलीत कोबी आणि सेलरी गोठवून ‘परफेक्शन सॅलड’ बनवले आणि नॉक्स या जिलेटिन कंपनीच्या स्पर्धेत तिला शिवणाचे यंत्र बक्षीस मिळाले. पुढची साठ वर्षे अमेरिका त्याच वाटेने गेली. साठच्या दशकात तर कंपनीने टोमॅटोच्या आणि सेलरीच्या स्वादाची जेलीसुद्धा बाजारात आणली होती.

हसायला येते, पण त्यामागे विचार होता. उरलेसुरले अन्न वाया न घालवता त्याला रूप देणे, ताटात भाजीचा पसारा न दिसणे आणि आपल्या घरी फ्रिज आहे हे चारचौघांना न बोलता कळणे. शेवटचे कारण तर आपल्याकडच्या जेलीलाही लागू होते. १९६५ नंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी मंडळींना या सॅलडची गाठ पडली ती शेजाऱ्यांच्या पंगतीत. माझ्या आईचे मामा ओहायोत गेले होते. त्यांनी एका पत्रात लिहिले होते, ‘इथे कोशिंबीर हलते.’ ते वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे वापरले जाते.

बंगळूरच्या क्लबांत आणि जुन्या हॉटेलांत ॲस्पिक काही काळ टिकले. पण घरात ते कधी उतरले नाही. गोड थरथरते चालते, तिखट-मिठाचे थरथरते आपल्या जिभेला पटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या काकडीच्या कोशिंबिरीला दाण्याचे कूट पुरेसे आहे.

गडबडीत झालेली गडबड

जेलीला खरे भारतीय नागरिकत्व मिळाले ते मात्र वाढदिवसाच्या टेबलावर नाही, आइस्क्रीमच्या उंच ग्लासात. कर्नाटकात कुठेही जा, पार्लरच्या फळ्यावर ‘गडबड’ असणारच. उंच ग्लास, तळाला जेली, मग फळांचे तुकडे, दोन-तीन प्रकारचे आइस्क्रीम, काजू-बेदाणे आणि लांब दांड्याचा चमचा. हे मूळचे उडुपीचे. तिथल्या ‘डायना’ हॉटेलात गर्दीच्या वेळी एकाच प्रकारचे आइस्क्रीम पुरेना, म्हणून गडबडीत होते नव्हते ते ग्लासात भरले आणि तेच नाव पडले, अशी कथा किनारपट्टीवर सांगतात. मंगळूरच्या ‘आयडियल’ने, जे १९७५ मध्ये सुरू झाले, या प्रकाराला आणखी प्रसिद्धी दिली. तिथून ते बंगळूरला आले.

मराठी माणसाला या नावाचे भाषांतर लागत नाही, हे एक सुख. मल्लेश्वरमला आमच्याकडे पुण्याहून पाहुणे आले की त्यांना संध्याकाळी गडबड खायला नेणे हा ठरलेला कार्यक्रम. ‘एक गडबड द्या’ म्हणताना पाहुणे हसायचे आणि तळातली जेली खरवडून संपवायचे.

पण गडबडमध्ये एक मेख आहे. उडुपी हॉटेल म्हणजे शुद्ध शाकाहारी. ज्याने दारावर तशी पाटी लावली, त्याला जिलेटिनची जेली घालता येत नाही. त्याला चायना ग्रासचीच घालावी लागते. हा फरक हॉटेलवाल्यांना माहीत होता. आम्हा गिऱ्हाइकांना, आणि विशेषतः घरी पाकीट आणणाऱ्यांना, तो माहीत नव्हता.

ठिपका

आता जरा जपून लिहायला हवे, कारण ही गोष्ट आजीची आहे.

आजी कडक शाकाहारी. अंड्याचा केक तिने आयुष्यात खाल्ला नाही. नातवंडांच्या वाढदिवसाला ती बिनअंड्याचा केक अय्यंगार बेकरीतून आणवायची आणि त्यालाही हात लावण्याआधी ‘नक्की ना?’ विचारायची. पण जेली तिला फार आवडे. दात गेल्यावर तर ते एकच गोड असे होते की जे तिला आमच्याबरोबरीने खाता येई. तिची वेगळी बशी असायची. आत्याच्या पहिल्या जेलीपासून मोजले तर पस्तीस-एक वर्षे ती जेली खात होती. जेलीत काय असते? साखर, रंग, एसेन्स. असेच सगळे समजत होते. पाकिटावर घटकांची यादी होती, पण ती इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. त्यात ‘जिलेटिन’ असे लिहिलेलेही असेल. पण जिलेटिन म्हणजे काय, हे किती जणांना ठाऊक होते?

जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून निघते. हाडे आम्लात ठेवून त्यांतले क्षार काढतात, राहिलेला मऊ भाग कित्येक आठवडे चुन्याच्या निवळीत ठेवतात, मग गरम पाण्यात त्याचा अर्क काढून वाळवतात. आपल्याकडे जबलपूरला आणि केरळात त्याचे मोठे कारखाने आहेत. ते जेलीत लागते, औषधाच्या कॅप्सूलला लागते आणि छायाचित्राच्या फिल्मला व कागदालाही लागत असे. म्हणजे वाढदिवसाचे आमचे जे जुने फोटो आहेत, त्यात टेबलावरची जेलीही जिलेटिनची आणि फोटोचा चकाकता थरही जिलेटिनचाच!

केंद्र सरकारने २००० साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत बदल करून, ज्या पाकिटातल्या पदार्थात प्राण्यापासून आलेला घटक आहे त्यावर चौकटीतला तपकिरी ठिपका सक्तीचा केला. दूध आणि दुधाचे पदार्थ तेवढे वगळले. पुढच्या वर्षी शाकाहारासाठी हिरवा ठिपका आला. मी तेव्हा चौथीत होते. आईने किराणा सामान काढून ओट्यावर मांडले आणि जेलीच्या पाकिटापाशी तिचा हात थांबला, हे मला स्पष्ट आठवते. तिने ते पाकीट चहाच्या डब्यामागे सरकवले.

रात्री स्वयंपाकघरात हळू आवाजात चर्चा झाली. बाबांचे म्हणणे, ‘आता सांगून काय मिळणार? ऐंशीच्या घरात आहे ती. उगाच जिवाला लावून घेईल. जेली आणणं बंद करू, बस.’ आत्या रडत होती. कारण पहिली बशी तिने दिली होती. आई मात्र ऐकेना. ती म्हणाली, ‘त्या आपल्याला रोज विचारतात, नक्की ना? आणि आपण नक्की म्हणतो. आता माहीत असून गप्प बसलो तर उद्यापासून माझ्या हातचं त्यांनी कशावर खायचं?’

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने सांगितले. मी दाराशी होते. आजीने ऐकून घेतले, चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. ‘हाडं कुठल्या जनावराची?’ एवढेच विचारले. आई म्हणाली, ‘ते लिहिलेलं नाही, सासूबाई.’ आजी देवघरात जाऊन बसली. संध्याकाळी जेवली नाही. बाबा आईवर चिडले, आई काही बोलली नाही. दोन दिवस घरात फार कमी आवाज होता.

तिसऱ्या दिवशी आजीने आईला हाक मारून सांगितले, ‘अजाणता खाल्लं ते देवाच्या खात्यावर. आता जे आणशील ते वाचून आण.’ आणि थोड्या वेळाने, ‘बरं केलंस सांगितलंस. हा सांगणार नव्हता, मला माहीत आहे.’ हा म्हणजे माझे बाबा.

असे प्रसंग तेव्हा अनेक शाकाहारी घरांत घडले असणार. आणि केवळ ब्राह्मण, जैन किंवा लिंगायत घरांतच नव्हे. प्राणी कुठला आणि तो कसा कापला, हा प्रश्न मुसलमान घरांतही तितकाच मोलाचा. ज्या पदार्थाने एका टेबलाभोवती सगळ्या जातिधर्मांची पोरे जमवली, त्याच्याच तळाशी हा प्रश्न इतकी वर्षे न विचारता पडून होता. आज बाजारातल्या बहुतेक जेली-पाकिटांवर हिरवा ठिपका दिसतो, कारण उत्पादकांनी समुद्रशेवाळापासून काढलेले कॅराजिनन वापरायला सुरुवात केली. मांसाहाराच्या ठिपक्याच्या जागीही आता तपकिरी त्रिकोण आला आहे. तरी परदेशातून आलेले मार्शमेलो, गमीच्या गोळ्या, काही योगर्ट आणि तयार मूस घेताना मागची बाजू वाचावीच.

समुद्रातले ‘गवत’

मग आले चायना ग्रास. नाव फसवे आहे. ते गवत नाही. लाल समुद्रशेवाळाचा तो अर्क, दुसरे नाव अगर-अगर. त्याचा शोध १६५८ च्या सुमारास जपानमधल्या मिनोरा तारोझाएमोन या खाणावळवाल्याला लागला असे सांगतात. शेवाळाची उरलेली खळ त्याने थंडीत बाहेर टाकली, ती रात्री गोठली, दिवसा वाळली आणि पुन्हा उकळल्यावर घट्ट झाली. आपल्याकडे तामिळनाडूच्या मंडपम किनाऱ्यावर बायका पाण्यात उतरून हे शेवाळ गोळा करतात आणि मदुराईच्या भागात त्याचे अगर बनते.

या अगरची एक गोष्ट प्रत्येक गृहिणीने मिरवावी अशी आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत. पण ते उबेने वितळे आणि काही जंतू ते खाऊनच टाकत. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांची बायको फॅनी घरी जेलीसाठी अगर वापरायची. ती युक्ती तिला जावामध्ये राहून आलेल्या एका शेजारणीकडून कळली होती. फॅनीने १८८१ मध्ये नवऱ्याला सुचवले, अगर वापरून पाहा. आज जगातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतू वाढवायच्या बशीत जे असते ते हेच. जिलेटिन ३५ अंशांना वितळते, अगर मात्र ८५ अंशांपर्यंत टिकून राहते आणि ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान घट्ट होते. याचा घरगुती अर्थ असा की ते फ्रिजशिवायसुद्धा जमते. इतकी वर्षे आपण बर्फ आणि फ्रिज शोधत बसलो!

बंगळूरच्या तमिळ मुसलमान घरांत रमजानमध्ये ‘कडल पासी’ म्हणून दुधाचे चायना ग्रास करतात. महाराष्ट्रात गाईचा चीक मिळाला नाही तर चायना ग्रासचा खरवस करण्याची पद्धत घरोघर आहे. कानडीत खरवसाला गिण्णु म्हणतात. तो गवळ्याकडून मिळाला की आजीचा दिवस सोन्याचा होत असे. उपवासाला चायना ग्रास चालते का, यावर मात्र आमच्या घरात अजून एकमत नाही.

आजीने ते सहजासहजी स्वीकारले नाही. ‘हेही उद्या कशाचं तरी निघेल,’ म्हणाली. शेवटी आईने कोरड्या पांढऱ्या काड्यांची जुडी तिच्या हातात ठेवली. आजीने ती नाकाशी नेली. लग्नाआधी ती कारवारकडे आजोळी राहिली होती. ‘समुद्राचा वास आहे,’ म्हणाली आणि करताना स्वतः स्टुलावर बसून सगळे पाहिले.

तिच्या देखरेखीत ठरलेले प्रमाण असे. १० ग्रॅम चायना ग्रास कात्रीने कापून दीड वाटी पाण्यात अर्धा तास भिजवायचे आणि त्याच पाण्यात मंद आचेवर पूर्ण विरघळेपर्यंत शिजवायचे. एकही काडी दिसता कामा नये, नाहीतर खाताना दोरा आल्यासारखे लागते. दुसरीकडे पाऊण लिटर दूध आणि सात-आठ चमचे साखर उकळायची. दोन्ही गरम असतानाच एकत्र करायचे. थंड दुधात ओतले तर गाठी होतात, हे विसरू नका. वेलदोडा, जायफळ, थोडे केशर घालून गाळून ताटात ओतायचे. तासाभरात वड्या पडतात. खरवसासारखी चव हवी असेल तर साखरेऐवजी गूळ घाला, पण दूध कोमट झाल्यावर, नाहीतर ते फाटते. दुधाऐवजी फळांचा रस घ्यायचा असेल तर फार आंबट रस चायना ग्रासबरोबर उकळू नये, घट्टपणा कमी होतो. तो कोमट करून शेवटी मिसळावा.

खरे सांगायचे तर ही ती जेली नव्हे. चायना ग्रास थरथरत नाही, नुसते डुलते. जिभेवर विरघळत नाही, चावावे लागते. लाल रंग घातला तरी मुले फसत नाहीत. जिलेटिन तोंडाच्या उबेने पाणी होते, अगर होत नाही, त्याला इलाज नाही. ज्यांना ते चालते त्यांनी जिलेटिनची जेली अवश्य करावी, नाताळात रिचमंड टाउनच्या ओळखीच्या घरी मी स्वतः ती खाते, ट्रायफलच्या तळाशी. आजी २००९ मध्ये गेली. शेवटच्या वर्षांत तिला रोज दुपारी चायना ग्रासची एक वडी लागे, जायफळ घातलेली.

आत्या आता पंच्याहत्तरीला आली आहे. मागच्या उन्हाळ्यात तिने हट्टाने ताजा अननस आणवला, बारीक चिरला आणि चायना ग्रासमध्ये घातला. मी म्हटले, ‘आत्या, पाणी होईल.’ ती म्हणाली, ‘हे प्रथिन नाही गं, तूच लिहितेस ना?’ तासाभराने ताट उलटे केले. वडी जशीच्या तशी.